लक्क्याची शेपटी कापताना हात आखडू नकोस

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

ऐरोलीच्या तुझ्या गच्चीवरची लक्क्यांची, म्हणजे पंख्यासारख्या शेपटीच्या कबुतरांची, जोडी फोटोत पाहिली. नराची शेपटी डोळ्यांत भरते! पण दोन वेतांतली अंडी फळली नाहीत म्हणून तू हिरमुसलायस, तर आधी त्याचंच लिहितो.

साध्या कबुतराच्या शेपटीत १२ पिसं असतात. लक्क्याला ३०, कधी ४०सुद्धा. माणसानेच पिढ्यानपिढ्या निवडून ती वाढवली आणि आता हाच पिसारा जुगताना आड येतो. तेव्हा जोडी लावण्याआधी दोघांच्या शेपटीची पिसं कात्रीने अर्ध्यावर आण, बुडाखालची बारीक पिसंही कमी कर. उपटू मात्र नकोस. उपटलेलं पीस लगेच नव्याने फुटतं, कापलेलं पीस झडेपर्यंत तेवढंच राहतं. जिवावर येईल, ठाऊक आहे मला. पण मिरवायचा पक्षी आणि पिल्लं काढायचा पक्षी एकाच हंगामात एकच ठेवता येत नाही.

पहिलं अंडं बहुतेक संध्याकाळी येईल, दुसरं मधला एक दिवस सोडून. सहाव्या-सातव्या रात्री अंडं टॉर्चवर धर. आत कोळिष्टकासारख्या लाल शिरा दिसल्या की अंडं फळलं. मग हात लावू नकोस. उबवायला बसल्यापासून साधारण १८ दिवसांनी पिल्लू बाहेर येतं.

पावसाळ्यात नवी जोडी लावू नकोस. पुष्कळ लक्क्यांना शेपटीच्या बुडाशी पिसांना लावायच्या तेलाची गाठच नसते, त्यामुळे पाणी पिसांत मुरतं. त्यात आपली खाडीकाठची दमट हवा. खुराडं जमिनीपासून उंच आणि कोरडं हवं. ज्वारी-बाजरीला कुबट वास आला तर सगळा दाणा फेकून दे, बुरशीने जनावर जातं. डासांनी कबुतरांचा देवीचा रोग पसरतो, म्हणून जाळी बारीक लाव.

एका घरट्यातली दोन पिल्लं ‘जोडी’ म्हणून विकतात. ती भावंडं असतात, घेऊ नकोस. विष्ठा काढताना मास्क लाव आणि सुकी झाडू नकोस, पाणी शिंपडून काढ. ती धूळ फुप्फुसांना बाधते, तुझ्याही आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्याही.

नर बदलायचा झाला तर ठाण्याला ये, माझ्याकडचा एक देतो. त्याची शेपटी तुझ्या नराहून लहान आहे, पण पिल्लं स्वतः भरवतो.

तुझा,
काका