मालवणवरून आल्यावर लेन्सवर पांढुरका थर - पुसायच्या आधी वाच

भावा, मालवणवरून परत आल्यावर लेन्सच्या पुढच्या काचेवर पांढुरकं काहीतरी दिसतंय, चष्म्याच्या कापडानं पुसू का आणि यूव्ही फिल्टर (लेन्सच्या पुढं आट्यांवर फिरवून बसवायची काच) घेऊ का असं विचारलंयस, तर पहिलं ते कापड खाली ठेव. मीठ आहे ते. किनाऱ्यावर हवा एवढी दमट असते की उडालेला खारा तुषार ओलाच राहतो, लक्षातच येत नाही, फोंडा घाट चढून इकडं कोल्हापूरच्या कोरड्या हवेत आलं की पाणी उडून जातं आणि मिठाचे कण उरतात, सोबत बारीक वाळू असतेच, आणि हे कोरडं घासलंस की काचेवरच्या पातळ कोटिंगवर चरे पडलेच म्हणून समज. रंकाळ्यावर शर्टाच्या टोकानं पुसायची आपली सगळ्यांची सवय, ती इथं चालत नाही.

लेन्सचं तोंड खाली करून रबरी ब्लोअरनं वाळू उडव, तोंडानं फुंकू नको, थुंकी उडते. मग मेडिकलमधून नाहीतर बॅटरीवाल्याकडनं डिस्टिल्ड वॉटर आण (ॲसिड नव्हे, नीट सांगून घे!), लेन्स टिश्यू त्यात भिजवून पिळ आणि काचेवर नुसता टेकवून थोडा वेळ धर, मीठ आपोआप विरघळतंय. मग अजिबात न दाबता मधून कडेकडे गोल फिरवायचं आणि तो टिश्यू सरळ टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा, नाहीतर तेच मीठ परत काचेवर फिरवत बसशील. नळाचं पाणी नको, वाळलं की क्षाराचे डाग राहतात. बरेच जण डायरेक्ट अल्कोहोलवाला क्लिनर मारतात, पण मीठ अल्कोहोलमध्ये विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, त्याला पाणीच पाहिजे. क्लिनर नंतर, बोटांच्या तेलकट डागांसाठी, आणि तोही टिश्यूवर घेऊन, काचेवर थेंब सोडलास तर कडेच्या फटीतून आत जातो.

फिल्टर समुद्रासाठी तरी घेच, काढून धुता येतो हा त्याचा खरा फायदा. फक्त एकदम स्वस्तातला घेऊ नको, सूर्य समोर असला की फ्लेअर मारतो, म्हणजे फोटोत उजेडाचे डाग येतात. घरी आल्यावर काढून आटे पुसायचे, मीठ धरलं की असला जाम होतो की विचारू नको.

आणि शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलोय ना, ते इथं कामाला येतंय बघ. दुपारपासून वारा समुद्राकडनं येतो आणि आपण सगळे सनसेटसाठी बरोब्बर त्याच्यासमोर लेन्स धरून उभे! पहाटे वारा बहुतेक जमिनीकडनं असतो, तुषार कमी, लाटांचे फोटो तेव्हा काढ. संध्याकाळी हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी गोल झापड) लाव, क्लिक झालं की कॅप, आणि वाळूवर लेन्स बदलायचीच नाही. एसी रूममधनं निघताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेव, बाहेरच्या हवेला जरा सरावू दे, नाहीतर काचेवर दव धरतंय.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला फंगस म्हणजे बुरशी धरायचा वेगळाच ताप, त्याला हवाबंद डबा आणि सिलिका जेल. तांदळात ठेवायचं कोण सांगत असेल तर ऐकू नको, नुसता भुसा आत जातो.

झूम फिरवताना करकर लागतंय का तेवढं बघ. लागत असेल तर जोर लावू नको, आत वाळू गेलीय, सर्व्हिसलाच दे.