ठाण्याच्या खाडीत गळ टाकायला 6,000 रुपयांपर्यंत टिकाऊ आणि आरामदायी वेडर कोणता घ्यावा?

तुम्ही ऐरोलीच्या बाजूने खाडीत उतरून गळ टाकता, दिवाळीनंतर कधीमधी बदलापूरला उल्हास नदीवरही जाता, गमबुटात पाणी शिरून वैतागला आहात आणि बजेट 6,000 रुपये आहे. एवढी माहिती दिलीत म्हणून नेमकं सांगता येतं. वेडर म्हणजे पाण्यात उभं राहताना कपड्यांवरून चढवायची, पाणी आत न येऊ देणारी विजार. नायलॉनच्या कापडावर पीव्हीसीचा थर असलेला, बूट कायमचे जोडलेला, छातीपर्यंतचा वेडर घ्या. पैसे जाडीवर किंवा नावावर घालू नका, जोडांवर आणि बुटावर घाला. वेडर मधल्या कापडात क्वचितच जातो. तो जातो जांघेत आणि घोट्याच्या वर, जिथे दोन तुकडे एकमेकांना जोडलेले असतात.

त्याआधी एक विचार करा. तुम्ही खरंच गुडघ्याच्या वर पाण्यात उभे राहता का? राहत नसाल तर मांडीपर्यंतचे वेडर मिळतात, ते कमरेच्या पट्ट्याला अडकवायचे. ते स्वस्त असतात, घाम निम्माही येत नाही, चिखलात अडकलात तर पटकन निघतात. छातीपर्यंतचा वेडर घेतला तरी पाण्यात जायची हद्द कमरेपर्यंतच धरा. वरचा भाग वाकताना, बसताना आणि बोटीची लाट आली तर उपयोगी पडावा म्हणून असतो.

आता कापडाचा गोंधळ. निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुड्यांनी फुगवलेलं रबर, 3 ते 5 मिमी जाड. थंडगार नद्यांमध्ये तासन्‌तास उभं राहणाऱ्यांसाठी ते उत्तम. आपल्या खाडीचं पाणी पौषातही कोमट असतं, तिथे निओप्रीन घालून अर्ध्या तासात जीव नकोसा होतो, शिवाय ते वाळायला दोन दोन दिवस लागतात. ब्रीदेबल प्रकारात मधे एक पातळ पडदा असतो. आतली वाफ त्यातून बाहेर जाते, बाहेरचं पाणी आत येत नाही. पण वाफ बाहेर ढकलली जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या फरकामुळे. ऑक्टोबरात बाहेरच दमट उकाडा असला की तो फरक कमी आणि वाफही कमी जाते. पीव्हीसीपेक्षा आराम नक्की मिळतो, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. शिवाय यातले बहुतेक मोजेवाले असतात, म्हणजे पायाला बुटाऐवजी मोजा जोडलेला असतो, त्यावर घालायचे बूट वेगळे घ्यावे लागतात. 6,000 रुपयांत वेडर आणि बूट दोन्ही बसवायला गेलात तर दोन्ही हलके मिळतील.

ब्रीदेबल वेडरबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या हवेत फार महत्त्वाची आहे. त्याच्या शिवणींवर आतून चिकटवलेली टेप आणि कित्येकदा तो पडदाही पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत पॉलियुरेथेन हळूहळू कुजतं, वापर असो वा नसो. म्हणून गोदामात पडून राहिलेला जुना माल किंवा कुणाचा वापरलेला ब्रीदेबल वेडर कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. हाच नियम पॉलियुरेथेनच्या तळव्याच्या बुटांना. वरून नवेकोरे दिसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तळवा भुगा होऊन सुटतो. बूट रबराचे किंवा पीव्हीसीचेच हवेत.

पार्सल घरी आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत या तपासण्या करा. वेडर उलटसुलट करून जांघ बघा. तिथे चार तुकड्यांचे जोड एकाच बिंदूत येऊन मिळत असतील तर सगळा ताण त्या एका टाचणीएवढ्या जागेवर येतो. चांगल्या वेडरमध्ये तिथे वेगळा त्रिकोणी किंवा चौकोनी तुकडा घातलेला असतो. जोड उष्णतेने वितळवून चिकटवलेला आणि निदान बोटाच्या अर्ध्या पेराएवढा रुंद हवा. नखाने त्याची कड उचलून बघा. कड सुटायला लागली तर तो वेडर परत पाठवा. मग पाय आणि बूट यांचा जोड बघा. बुटाच्या काठावर कापड नुसतं चिकटवलेलं आहे की आतून-बाहेरून पट्टी लावून वेल्ड केलेलं आहे? नुसतं चिकटवलेलं असेल तर चिखलातून पाय ओढताना तोच जोड पहिला सुटणार. गुडघ्यावर जादा थर हवा. बक्कल प्लॅस्टिकचे हवेत, कारण लोखंडी क्लिपांवर खाडीचं पाणी बसलं की गंज चढतो आणि त्या ऐनवेळी उघडत नाहीत. शेवटी रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च एकेका पायात सोडा आणि बाहेरून जोडाजोडाने बघत जा. टाचणीएवढं भोकही चांदणीसारखं चमकतं.

माप हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि आराम आणि टिकाऊपणा दोन्ही इथेच ठरतात. बूटवाल्या स्वस्त वेडरचं अख्खं माप बुटाच्या नंबरावर ठरवलेलं असतं, तेही बहुधा युरोपी नंबरात. आपला 8 नंबर म्हणजे साधारण 42. पाय 8 चा पण पोट सुटलेलं, किंवा पाय मोठा आणि उंची कमी, असं असेल तर नुसत्या नंबरावर ऑर्डर देऊ नका. विक्रेत्याकडून छाती, कंबर आणि जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी मागून घ्या. तुमची लांबी मोजायला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांच्या मधे वहीची कड वर टेकवा आणि तिथून जमिनीपर्यंत मोजा. वेडरची लांबी त्याहून चारेक बोटं जास्त असू द्या. घालून बघताना एक पाय खुर्चीवर ठेवा, मग पूर्ण उकिडवे बसा. जांघेत किंवा गुडघ्यावर ओढ जाणवली तर काही महिन्यांत तिथे उसवणार. उलट गुडघ्यामागे मोठ्या घड्या पडत असतील तर चालताना तेच कापड एकमेकांवर घासत राहतं आणि घडीच्या रेषेवर पीव्हीसीला बारीक चिरा जातात. खाडीत गळणाऱ्या काही वेडरना टोचलेलं काहीच नसतं, ते घडीनेच चिरलेले असतात.

बूट जाड मोज्यासकट घट्ट बसला पाहिजे. आपल्या खाडीत तळ वाळूचा नाही, गाळाचा आहे. गाळात बूट रुतला की खाली पोकळी होते आणि तो खेचून धरला जातो. बूट ढिला असेल तर टाच आत वर सरकते, पाय निघत नाही आणि सगळा ताण घोट्यावरच्या जोडावर येतो. पाय सरळ वर ओढू नका. गुडघा मागेपुढे हलवा, बुटाच्या कडेने पाणी खालच्या पोकळीत शिरू द्या, मग आधी टाच आणि नंतर चवडा उचला. मोजेवाल्या वेडरवर लेसचे बूट घातले तर ते पायातून निघत नाहीत, हे खरं. पण लेसमध्ये आणि घोट्यावरच्या झाकणात इतका गाळ भरतो की धुण्यात तास जातो, आणि बुटात उरलेले कण मोज्याला घासून भोकं पाडतात. म्हणून खाडीसाठी बूटवालाच. तळव्याचे दाते खोल आणि विरळ हवेत, बारीक दाट दात्यांत गाळ बसला की तळवा गुळगुळीत होतो.

तिवरांची जमिनीतून वर आलेली मुळं, दगडांवर चिकटलेली कालवं आणि फुटक्या बाटल्या यांच्यापुढे कोणताही वेडर फार टिकत नाही. कालवाची कड ब्लेडसारखी असते, त्यावर गुडघा टेकला की नायलॉनसकट कापतं. काठावर बसायला जुन्या योगा मॅटचा तुकडा जवळ ठेवा. कांदळवनातून वाट काढू नका. ते राखीव वन आहे, मुळं तुडवली की झाडाला इजा होते, आणि 2015 पासून खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे. कोळीवाड्यातले लोक ज्या जेट्टीवरून, ज्या वाटेने उतरतात ती त्यांना विचारून वापरा. तळ कुठे कडक आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

उल्हास नदीवर तळ वेगळा, काळा दगड आणि त्यावर शेवाळ. तिथे खोल दात्यांचा रबरी तळवा घसरतो. नमद्याचा (फेल्टचा) तळवा शेवाळावर पकड घेतो, पण खाडीच्या गाळात तो निरुपयोगी. दोन वेडर घेण्यापेक्षा नदीवर काठी वापरा आणि पाय उचलून टाकण्याऐवजी सरकवत चाला. कल्याणच्या बाजूला नदीत जलपर्णी आहे. तिचा तुकडा बुटाला चिकटून दुसऱ्या तळ्यात गेला तर तिथेही पसरते, म्हणून नदीवरून आल्यावर बूट धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात उतरू नका.

पट्ट्याबद्दल तडजोड करू नका. वेडरवरून कमरेला घट्ट पट्टा बांधायचा, पडलात तर पाणी पायात भरायला वेळ लागतो. भरलेलं पाणी माणसाला तळाशी ओढतं असं सांगतात, ते तसं नाही. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच जड असतं. अडचण होते ती हालचालीची आणि काठावर चढताना, कारण पाण्याबाहेर आल्याबरोबर ते सगळं वजन अंगावर येतं. म्हणून खांद्यांचे पट्टे एका हाताने सुटतील असे हवेत, आणि घरी सोडण्याचा सराव करून ठेवा. हातात सहा फुटी बांबू ठेवा. एका हाताच्या जोराने तो गुडघाभर आत गेला तर पुढे पाऊल टाकू नका. गाळात मांडीपर्यंत रुतलात तर धडपडू नका, मागे रेलून वजन पसरवा, पट्टे सोडा आणि वेडर तिथेच ठेवून निघा.

भरतीचा अंदाज तिथीवरून काढता येतो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हा हिशोब किनाऱ्याचा, खाडीत जेवढं आत तेवढा उशीर धरा आणि नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. ओहोटी सुरू झाल्यावर उतरा आणि पाणी वळायच्या आधी बाहेर या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार झपाट्याने चढतं, आणि आधी भरतात ते तुमच्या आणि काठाच्या मधले चर. तुम्ही उभे असता तिथे पाणी गुडघ्याला, आणि परतीच्या वाटेवर छातीला.

आत जीन्स घालू नका. तिची जाड शिवण आणि खिशातल्या किल्ल्या वेडर आतून कापतात. पातळ सिंथेटिक ट्रॅक पँट आणि तिच्यावर ओढलेले लांब मोजे उत्तम. पीव्हीसीत घाम येणारच. पोटऱ्या-मांड्या सगळीकडे सारख्याच ओलसर असतील तर तो घाम. एकाच जागी गार धार लागली आणि एकाच पायाचा मोजा चिंब झाला तर गळती. हा फरक न कळल्याने लोक चांगले वेडर परत करतात.

घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा, तेलाचा तवंग लागला असेल तर साबण लावा, कारण तेलाने पीव्हीसी कडक होतं. डीट असलेलं मच्छरांचं मलम हाताला लावून वेडरला हात लावू नका, ते प्लॅस्टिक आणि इलॅस्टिक दोन्ही खातं. उलटा करून सावलीत, पंख्याखाली वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा. गाडीच्या डिकीत ठेवलात तर उन्हाने तापून जोड सुटू लागतात. पावसाळ्यात घडी घालून माळ्यावर टाकू नका, बूट वर करून टांगा.

भोक पडलं तर सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन वापरू नका. ते रबरासाठी असतं, पीव्हीसीवर चार दिवसांत पापुद्रा निघतो. हवेच्या बोटी आणि ताडपत्री दुरुस्त करायचा पीव्हीसीचा गोंद आणि त्याच कापडाचा गोल तुकडा घ्या, भोकापेक्षा सगळीकडून दोन-अडीच सेंमी मोठा. कोपरे असले की कोपऱ्यातून उचलला जातो. जागा स्पिरिटने पुसा, बारीक पॉलिश पेपरने घासा, पुन्हा पुसा. दोन्हीकडे पातळ थर लावून तो हाताला किंचित चिकट लागेपर्यंत थांबा, मग दाबून बसवा आणि वर पुस्तकांचं वजन ठेवून 24 तास हात लावू नका. जांघेतली गळती मात्र बाहेरून आणि आतून दोन्हीकडे ठिगळ लावल्याशिवाय थांबत नाही.