रिपोर्टात ‘पस सेल्स’ आल्या, म्हणजे मूल होणार नाही का?

लग्नाला चार वर्षं झालेलं, खानापूर तालुक्यातलं जोडपं. नवरा बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, भट्टीपाशी कामाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बायकोच्या सगळ्या तपासण्या करून झाल्यावर याची वीर्यतपासणी झाली आणि रिपोर्टात आलं, ‘पस सेल्स १०–१२’. घरी आईनं त्याचा अर्थ लावला, पोराच्या धातूत पू झालाय. मग मेडिकलमधून अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. आकडा तसाच राहिला. दोघांचा प्रश्न एकच होता, आता मूल होणारच नाही का?

‘पस सेल्स’ म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि थोड्याफार त्या कुठल्याही पुरुषाच्या वीर्यात असतात. दर मिलीलीटरला १० लाख किंवा त्याहून जास्त असल्या तरच त्या वाढल्या असं धरतात. ‘१०–१२’ हा आकडा त्या मापातला नव्हेच. सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेत दिसलेल्या गोल पेशी त्यात मोजलेल्या असतात, आणि अर्धवट वाढलेल्या शुक्रपेशीही गोलच दिसतात. फरक कळतो तो पेरॉक्सिडेज चाचणीत. तिच्यात पांढऱ्या पेशींपैकी बहुसंख्य असलेल्या न्यूट्रोफिल तपकिरी होतात, कच्च्या शुक्रपेशी रंग घेत नाहीत. लॅबमध्ये ही चाचणी नाव घेऊन मागावी लागते.

दुसरं, नमुना. तो घरी घेतला होता आणि मोटारसायकलवरून लॅबमध्ये पोचायला दीड तास लागला. त्याआधी नऊ दिवसांचा खंड, म्हणजे तितके दिवस वीर्यपात नाही. खंड २ ते ७ दिवसांचा हवा. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून न्यायचाच तर तासाभरात, डबी अंगाशी धरून. साबण, तेल, थुंकी, साधा निरोध यातलं काही नको. कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) करायचं असेल तर आधी लघवी करून हात व लिंग धुऊन कोरडं करायचं, नाहीतर कातडीवरचे जंतूच वाढतात आणि त्यांच्यावरच औषध सुरू होतं.

पुन्हा नीट तपासलं. खंड तीन दिवसांचा. शुक्राणूंची हालचाल ३५ टक्क्यांवरून ४४ वर आली (४२ किंवा त्याहून जास्त असली तर ठीक मानतात). पांढऱ्या पेशी मात्र १६ लाख निघाल्या, म्हणजे खरंच जास्त. कल्चरमध्ये काही वाढलं नाही, लघवीची क्लॅमिडियाची (संबंधातून पसरणाऱ्या एका जंतूची) चाचणीही निगेटिव्ह. युरोलॉजिस्टनी प्रोस्टेट आणि वृषणांच्या शिरा तपासल्या, दोन्ही ठीक. जंतूच नाहीत तर तिसरा कोर्स कशावर? जंतू सापडले असते तर औषध त्यानुसार, गरजेप्रमाणे दोघांनाही, आणि तोवर निरोध.

वाढलेल्या पेशींची काळजी का करायची, तर त्या सोडतात ती तीव्र ऑक्सिजन-द्रव्यं शुक्राणूंच्या आवरणाला आणि आतल्या डीएनएला इजा करतात, हालचाल मंदावते. तरीही आकडा जास्त असून बाप झालेले पुरुष आहेत. सिगारेट-विडीनं या पेशी वाढू शकतात. हा दिवसाला १५ विड्या ओढायचा, आणि आपल्याकडे त्याला कुणी व्यसन म्हणत नाही, निपाणीची विडी म्हणजे जणू चहाच! भट्टीच्या धगीनं पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, पण वृषणं तापली की शुक्राणूंचं उत्पादन मंदावतं, म्हणून मालकाशी बोलून त्यानं फिनिशिंगचं काम घेतलं.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनी. महिन्याभरातच रिपोर्ट काढून घाबरणारे बरेच असतात, तसं करू नये. मध्येच लघवीला जळजळ, वृषणात दुखणं, ताप किंवा वीर्यात रक्त दिसलं तर मात्र तारखेची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा.

विड्या दोनवर आल्या, पूर्ण सुटल्या नाहीत. तीन महिन्यांनी पांढऱ्या पेशी सात लाख, हालचाल ४८ टक्के. दिवस अजून गेलेले नाहीत. पुढे आययूआय (नळीनं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) करायचं ठरलं तर त्याआधी लॅबमध्ये वीर्य धुऊन चपळ शुक्राणू वेगळे करतात आणि उरलेल्या पांढऱ्या पेशीही त्यात बऱ्याच गळून जातात, हे दोघांना सांगून ठेवलं आहे.