सईला, मेंढरांबद्दल

सई,

परवा जेवताना तू विचारलंस, "आजी तुला गावात ठेवून मेंढरांमागं जायची, म्हणजे तिला तुझ्यापेक्षा मेंढरं आवडायची का?" मी विषय बदलला. पण तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

तू सांगोला पाहिलास तो शाळेच्या सुट्टीत, पावसाळ्यात. माळावर तेव्हा थोडं हिरवं असतं. आपल्याकडं खरा भरवसा परतीच्या पावसाचा, सप्टेंबरातल्या. त्यावर आलेलं गवत दिवाळीपर्यंत पुरायचं. मग हुलजंतीला महालिंगरायाच्या जत्रेत भंडारा आणि लोकर उधळून झाली, की आमचा वाडा, म्हणजे मेंढरांमागं फिरणारा तळ, हलायचा. चार-पाच बिऱ्हाडं, घोड्यांवर लादलेला संसार, आणि त्यावरच बांधलेली, चालता न येणारी कोकरं. कृष्णाकाठचे शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची. लेंड्यांचं खत रानाला, त्याबदल्यात ज्वारी, पुढं पुढं पैसे. मृगाच्या सुमाराला वाडा परत यायचा.

मी मात्र शाळेसाठी म्हातारीपाशी. आबांनीच तसं ठरवलं होतं. आयी परत आली की आधी मेंढरांची खुरं बघायची, कुठलं लंगडतंय ते बघायची, मग माझ्याकडं वळायची. मला राग यायचा, खूप. नंतर ती कमरेच्या पिशवीतून गूळ काढायची. कऱ्हाडकडच्या गुऱ्हाळावर मिळालेला, माझ्यासाठी जपलेला, कपड्याचे धागे चिकटलेला. तो खाताना मी तिच्याशी बोलायचो नाही, पण तिच्या अंगाला टेकून बसायचो.

मला सोलापूरला कॉलेजात घालताना आबांनी मेंढरं विकली. त्या पैशावर मी शिकलो, आणि म्हणून तू इथं आहेस. हे मी अभिमानानं सांगतो. पण तुझी आत्या माझ्याहून हुशार होती. कळपातली प्रत्येक मेंढी आणि तिचं कोकरू ती अंधारातही ओळखायची, लोकरीचा हिशेब तोंडी करायची. कोकरं सांभाळायला कुणीतरी लागतं म्हणून तिला वाड्याबरोबर नेलं, आणि शाळा राहिली ती राहिलीच. गवतासाठी चालणं मला पटतं, अजूनही. आक्काचं तसं होणं पटत नाही. आयीला हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

आपल्या कपाटातलं काळं घोंगडं आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, गावच्या सनगरानं विणलेलं. तुला टोचतं, तर नको घेऊस अंगावर. दिवाळीत रजा मिळाली तर मी हुलजंतीला जाणार आहे. तुला यावंसं वाटलं तर ये, नाहीतर तुझ्या मैत्रिणींबरोबर राहा.

आणि हाच प्रश्न एकदा आत्याला फोनवर विचार. आयीबरोबर मेंढरांमागं ती चाललेली आहे. तिचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं असेल, आणि ते मलाही ऐकायचंय.

बाबा