लहान मुलांना घेऊन गोव्यात दिवाडी बेटावरच्या जुन्या घरात राहावं, की पणजीत हॉटेल घ्यावं?

दिवाडीलाच राहा. पणजीत काम असेल तरच पणजीत हॉटेल घ्या.

इतकं ठासून लिहितोय, कारण अशाच एका घरात आम्ही दोन कुटुंबं मिळून राहिलो आणि परत आल्यावर माझ्या साडूंनी "पडक्या घरात नेलं" असं सगळ्या नातेवाइकांत सांगितलं. टीव्ही नव्हता, एसी एकाच खोलीत होता, हे खरं. पण घर पडकं नव्हतं. मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या सगळं बघतात. संध्याकाळी बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीत, बसून त्यांनी आम्हाला घर समजावून सांगितलं. चिऱ्याच्या भिंतींना बाई चुन्याचाच गिलावा करून घेतात. सिमेंट लावलं तर ओल आत कोंडते आणि चिरा खराब होतो. जुन्या खिडक्यांना काच नाही, शिंपल्यांच्या पातळ चकत्या आहेत, त्यातून दुधासारखा उजेड येतो. एक चकती फुटली तर तशी दुसरी शोधत फिरावं लागतं. पावसाआधी दरवर्षी कौलांची शाकारणी, आणि ते काम येणारी माणसं आता मिळत नाहीत. पाहुण्यांचा पैसा जातो तो इथे. हे चालू असताना साडू फोनवर कळंगुटच्या रिसॉर्टचे दर बघत होते.

सकाळी त्याच बाईंनी आम्हाला फेरीने पलीकडे नार्व्याला पाठवलं. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं, कदंब राजांचा देव. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बाई स्वतः चर्चला जाणाऱ्या, पण हा सगळा इतिहास त्यांनी आम्हाला नीट सांगितला. माझ्या मुलीने तो शाळेत जाऊन वर्गाला सांगितला. रिसॉर्टच्या काउंटरवर हे कोण सांगणार?

मुलांचं म्हणाल तर आमची रमली. जुन्या गोव्याहून व्हाइसरॉय कमानीजवळून फेरी मिळते, पण रात्रीची शेवटची कधी ते आधी विचारून ठेवा. डास आहेत. पायऱ्या उंच आहेत, आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर खालची खोली मागा. ऑगस्टमध्ये बोंदेरामच्या, म्हणजे बेटावरच्या उत्सवाच्या, वेळी गर्दी असते. जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं.

आणि भाव पाडून मागू नका. साडूंनी निघताना एसी सगळ्या खोल्यांत नव्हता म्हणून पैसे कमी करायला लावले. उरलेले मी मागे थांबून दिले, आणि परत तशी वेळ आली तर परत देईन.