वाचक विचारतात : लेण्यांतले लेख पालीत आहेत का?

प्रश्न : कार्ले, जुन्नर, नाशिक इथले शिलालेख पालीत आहेत असं नेहमी वाचतो. पाली शिकलो आहे, तरी शब्द ओळखीचे वाटतात पण लागत नाहीत. असं का?

उत्तर : कारण ते पालीत नाहीत. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात तर उषवदाताचा (क्षत्रप नहपानाच्या जावयाचा) एक लेख बराचसा संस्कृतात आहे. मात्र प्राकृत लेखांना तुमची पाली नक्की उपयोगी पडेल. कार्ल्याच्या चैत्यगृहातला (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहातला) भूतपाल श्रेष्ठीचा, म्हणजे सावकाराचा, लेख पाहा. या 'सेलघरा'ला (दगडातल्या घराला) तो 'जंबुदिपम्हि उतमं', म्हणजे जंबुद्वीपात उत्तम, म्हणतो. पालीत हेच 'जम्बुदीपम्हि उत्तमं' होईल. 'म्हि' हा प्रत्यय जसाच्या तसा. घोळ होतो तो लिखाणामुळे. कोरणारे द्वित्त ('त्त', 'स्स' अशी दुहेरी अक्षरं) सहसा लिहीत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घही फार पाळत नसत. तेव्हा 'संघस' दिसलं की 'संघस्स' (संघाचं) वाचा, 'पुतस' म्हणजे 'पुत्तस्स' (मुलाचं), 'देयधम' म्हणजे 'देय्यधम्म' (धर्मदान). एवढं केलंत तरी दानलेखाचा सांगाडा हाती येतो : कुठला, कोण, कोणाचा मुलगा, काय दिलं. गावांची नावं मात्र कोशात शोधू नका. कार्ल्यात पुन्हा पुन्हा येणारं धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचंच एकमत नाही.

दगडावरची खरी पाली हवी असेल तर सारनाथला सापडलेला छत्राचा तुकडा आहे. त्यावर चार आर्यसत्यं कोरली आहेत. आणि भरपूर हवी असेल तर म्यानमारमधलं मंडाले. राजा मिंडोनने १८६० ते १८६८ या काळात कुथोडॉ पॅगोड्यात संगमरवराच्या ७२९ शिळांवर, दोन्ही बाजूंनी, अख्खं तिपिटक (पाली बौद्ध धर्मग्रंथ) कोरून घेतलं. लिपी अर्थात बर्मी.

प्रश्न : अक्षरं फोटोत उठत नाहीत. खडू भरला तर चालेल का?

उत्तर : मुळीच नको. संरक्षित स्मारक विद्रूप करणं हा गुन्हा आहेच, शिवाय खडू भरताना तुम्ही भेगाही अक्षरं समजून भरता आणि पुढच्या वाचणाऱ्यालाही फसवता. तेल आणि पाणीही नको.

फ्लॅश बंद ठेवा. कॅमेरा लेखाच्या बरोबर समोर धरा आणि विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाका. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे निदान चार फोटो हवेत. उजेडाच्या दिशेनेच जाणाऱ्या रेघेला सावली पडत नाही. म्हणून एकाच फोटोवर विसंबलात तर मात्रा हमखास निसटते. मोजपट्टी चौकटीत असू द्या, पण लेखावर टेकवू नका.

सह्याद्रीच्या बेसॉल्टला मुळातच बारीक छिद्रं असतात आणि ब्राह्मीत अनुस्वार म्हणजे नुसता ठिपका. रिकामं वर्तुळ म्हणजे ठ, मध्ये ठिपका असला की थ. शंका आली तर चारही फोटोंत त्या खळग्याची कड पाहा : छिद्राची कड बहुधा वेडीवाकडी असते आणि तसलीच छिद्रं अक्षरांबाहेरच्या कोऱ्या दगडातही दिसतात. कागदावर ठसा घ्यायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्या.