1971 च्या युद्धाबद्दलची अमेरिकन सिनेटरांची कागदपत्रं पुण्यात बसून माहिती अधिकारात मागवता येतील का?

नाही. एडवर्ड केनेडी आणि आयडाहोचे फ्रँक चर्च ही दोन सिनेटरांची नावं तुम्ही दिली आहेत, आणि दोघांच्याही बाबतीत तो अर्ज वाया जाईल. अमेरिकेचा माहितीचा कायदा सरकारी खात्यांना लागू होतो, काँग्रेसला नाही. त्यात सिनेटरच्या ऑफिसातले कागद ही त्याची खासगी मालमत्ता. राष्ट्राध्यक्षांच्या कागदांवर 1978 च्या कायद्याने सरकारची मालकी आली. खासदारांच्या कागदांसाठी काँग्रेसने 2008 मध्ये 'नीट जपावेत' असा ठराव केला आणि हात झटकले. विद्यापीठाला द्या नाहीतर रद्दीत घाला, विचारणारं कुणी नाही.

माहितीचा कायदा वापरायचाच असेल तर केनेथ केटिंग यांच्यासाठी वापरा. तेही न्यूयॉर्कचे माजी सिनेटर, पण 1971 मध्ये दिल्लीत राजदूत होते. त्यांच्या तारा परराष्ट्र खात्याच्या, म्हणजे सरकारच्या. खासगी कागद मात्र रॉचेस्टर विद्यापीठात आहेत.

चर्च यांनी आपले कागद आधी स्टॅनफर्डला दिले होते. 1984 मध्ये ते आयडाहोतल्या बॉइझी स्टेट विद्यापीठात गेले. जुन्या तळटिपांत स्टॅनफर्ड दिसलं म्हणून तिकडे मेल टाकू नका. केनेडींचं जरा गुंतागुंतीचं आहे. ऑगस्ट 1971 मध्ये छावण्या पाहायला ते आले ते निर्वासितविषयक उपसमितीचे अध्यक्ष म्हणून. समितीचे कागद सिनेटचे असतात, सिनेटरचे नव्हे. ते वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, रेकॉर्ड ग्रुप 46 मध्ये, म्हणजे सिनेटच्या कागदांच्या गटात, जातात. साधे कागद 20 वर्षांनी खुले होतात, चौकशीचे आणि खासगी तपशिलाचे 50 वर्षांनी. केनेडींच्या स्वतःच्या ऑफिसच्या फायली बोस्टनच्या केनेडी लायब्ररीकडे. दोन्हीकडचा स्टाफ बऱ्याचदा तोच असायचा, त्यामुळे समितीचं टिपण ऑफिसच्या फायलीत निघालं तर नवल नाही. एका जागी नाही मिळालं म्हणून सोडून देऊ नका.

कुठल्या सिनेटरचं काय कुठे आहे हे काँग्रेसच्या ऑनलाइन चरित्रकोशात प्रत्येक नावाखाली दिलेलं असतं. तिथून त्या संग्रहाच्या सूचीवर जा. सूचीत 'बांगलादेश' शोधून थांबू नका. डिसेंबर 1971 पर्यंत बहुतेक फायलींवर 'पाकिस्तान' किंवा 'ईस्ट पाकिस्तान' असणार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे परराष्ट्र विषय सांभाळणाऱ्या सहायकाचं नाव काढा आणि त्याच्या फायली मागा. सिनेटरच्या सहीचं पत्र बहुधा स्टाफने लिहिलेलं आणि मशीनने सही केलेलं असतं. खरा विचार सापडतो तो सहायकाच्या टिपणात आणि त्याच्या समासात सिनेटरने पेनाने खरडलेल्या दोन ओळींत.

आता मतदारांच्या पत्रांबद्दल, कारण 'सगळी पत्रं ठेवायलाच हवीत' हा इतिहासकारांचा धोशा ऐकून माझे कान किटले आहेत. सगळी ठेवणं म्हणजे काम टाळणं. एक घनफुटाच्या खोक्यात दोन-अडीच हजार पानं बसतात. जो बायडन यांच्या 36 वर्षांच्या सिनेटच्या कागदांची डेलावेअर विद्यापीठाकडे गेलेली खोकी 1,875, वर 415 गीगाबाइट. अशा ढिगात एकाच छापाच्या उत्तरांच्या हजारो प्रती असतात. मूळ छापील उत्तर, दर आठवड्याला बाजूने किती अन् विरोधात किती याची नोंद, आणि पत्रांचा नमुना एवढं ठेवलं की पुरे. पेन्शन, व्हिसा, सैन्यातली बदली अशा वैयक्तिक तक्रारींच्या फायलींत लोकांचे सोशल सिक्युरिटी नंबर आणि आजारपणं असतात. त्या एकतर नष्ट कराव्यात, नाहीतर निदान माणसाच्या हयातीइतक्या बंद ठेवाव्यात. आणि नंतरच्या काळातल्या संगणकावरच्या पत्रांचं म्हणाल, तर पत्रांच्या फायली आल्या पण कुठलं पत्र कुणाचं हे सांगणारं डेटाबेसमधलं टेबल आलं नाही, तर त्या ढिगाचा उपयोग शून्य.

एक कबूल करतो. नमुना काढला की आधी गायब होतो तो अल्पमताचा आवाज. आयडाहोतून पूर्व बंगालबद्दल आलेली मोजकी पत्रं दर पन्नासातलं एक ठेवण्याच्या नियमात सहज उडू शकतात. तिथे विषयवार वेगळं काढून मग नमुना घ्यावा लागतो. तेवढा वेळ द्यायला कुणी तयार नसेल, तर मग ठेवा बाबांनो सगळं.

तुमच्या कामाकडे येतो. परराष्ट्र खात्याने 2005 मध्ये काढलेला 1971 च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगाचा दस्तऐवज-खंड नेटवर फुकट आहे. तो वाचून तारखा काढा. पाकिस्तानची मदत रोखणारी, सिनेटर सॅक्स्बी आणि चर्च यांची 'सॅक्स्बी-चर्च' दुरुस्ती तुमच्या विषयाचा कणा आहे, आणि 29 ऑक्टोबर 1971 ला सिनेटने परकीय मदतीचं अख्खं विधेयकच 41 विरुद्ध 27 मतांनी पाडलं. त्या तारखांच्या आसपासच्या फायलींचे खोका आणि फोल्डर क्रमांक लिहून मेल करा. '1971 चं सगळं पाठवा' असं लिहिलंत तर सूचीची लिंक परत येईल. एका फोल्डरात शंभरेक पानं सहज असतात, म्हणून स्कॅनचा दर आधी विचारा. मधे एखाद्या कागदाच्या जागी 'काढून घेतला' असा तक्ता दिसला तर तो बहुधा गोपनीय शिक्क्याचा कागद होता. त्या तक्त्यावरची तारीख, पाठवणारा आणि पानांची संख्या उतरवून घ्या, तोच कागद परराष्ट्र खात्याच्या फायलींत खुला झालेला असू शकतो. पत्र पुस्तकात अख्खं छापणार असाल तर परवानगी लिहिणाऱ्याची किंवा त्याच्या वारसांची लागते. विद्यापीठाकडे कागद असला तरी हक्क त्यांच्याकडे असेलच असं नाही.